पसरणी घाटासाठी टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट किती ठेवावा?

घाटवाट, सातारा

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची फियाट लिनिया टी-जेट आहे. इंजिन १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल असून कंपनीच्या आकड्यांनुसार ते ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. गाडी एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे, ऑइल वेळच्या वेळी बदललेले आहे आणि सपाट रस्त्यावर माझी काहीच तक्रार नाही. मात्र आठवड्यातून एकदा कामानिमित्त वाईमार्गे महाबळेश्वरला जावे लागते आणि चार माणसे व एसी चालू असताना पसरणी घाटात गाडी जड वाटू लागते.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत एक छोटा व्हॉल्व्ह बसवून बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा जादा दाब, ०.८ बारवरून १.० बारवर नेला तर ताकद पंचवीस टक्के वाढेल. खर्च किरकोळ आहे, म्हणूनच मोह होतो. माझी दुसरी शंका अशी, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर डॅशबोर्डवर बसवलेला गेज ०.८ बार दाखवतो, पण ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाईलवर दाखवणाऱ्या) ॲपमध्ये त्याच क्षणी १७३ किलोपास्कल हा आकडा येतो. यातला खरा कोणता मानावा आणि सुरक्षित बूस्टचा नेमका आकडा कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रीतिसंगम, कराड

दोन्ही आकडे खरे आहेत. डॅशबोर्डवरचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे एवढेच सांगतो, तर गाडीचा सेन्सर निर्वातापासून मोजलेला निरपेक्ष दाब सांगतो. इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवून ॲप पाहिलेत, तर साताऱ्यात सुमारे ९३ किलोपास्कल दिसेल. हा आपल्या गावच्या हवेचा दाब. त्यात गेजवरचे ०.८ बार, म्हणजे ८० किलोपास्कल, मिळवले की १७३ येतात. हेच वाचन महाबळेश्वरला घेतले तर ८६ च्या आसपास येते.

आता पंचवीस टक्क्यांविषयी. इंजिनाला गेजवरच्या दाबाशी देणेघेणे नाही, आत किती वजनाची हवा आली याच्याशी आहे. ०.८ वरून १.० वर जाताना निरपेक्ष दाब १.७३ बारवरून १.९३ बार होतो, म्हणजे वाढ साडेअकरा टक्के. दाबलेली हवा तापते हे सायकलला पंप मारणारा कोणीही सांगेल. बाहेर ३५ अंश असताना आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पहिल्या दाबाला टर्बोमधून हवा साधारण १२० अंशांना बाहेर पडते आणि दुसऱ्याला १३७ अंशांना. ही हवा थंड करणारा इंटरकूलर चांगला असला तरी शेवटी पाचेक अंशांचा फरक उरतोच, त्यामुळे प्रत्यक्ष हवा वाढते ती दहा टक्क्यांच्या आतबाहेर. ती दहा टक्के ताकदसुद्धा इग्निशनची वेळ तीच राहिली तरच मिळेल, आणि मेख नेमकी तिथे आहे. हवा गरम झाली आणि दाब वाढला की पेट्रोल ठिणगीच्या मागून शिस्तीत जळण्याऐवजी कोपऱ्यात आपोआप भडकते, यालाच आपण नॉकिंग म्हणतो. नॉक सेन्सरला ते ऐकू आले की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा देतो, ताकद कमी होते आणि एक्झॉस्ट अधिक तापतो. काटा १.० वर पोहोचलेला दिसतो आणि गाडी मात्र पूर्वीइतकीच धावते, असे अनुभव येतात ते यामुळेच.

घाटाविषयी एक बारकावा सांगतो. ईसीयूने १.७३ हा निरपेक्ष दाब वरपर्यंत टिकवायचा ठरवला, तर टर्बोला साताऱ्यात हवा १.८६ पट दाबावी लागते आणि महाबळेश्वरला २ पट. वर हवा थंड असल्यामुळे तापमानाचा हिशेब बराचसा जुळून जातो, पण टर्बाइनचा फिरण्याचा वेग वाढलेलाच राहतो. यावर आणखी ०.२ बार चढवणे म्हणजे छोट्या टर्बोला त्याच्या कार्यक्षम टापूबाहेर ढकलणे होय. तिथे तो हवेपेक्षा उष्णताच जास्त देतो.

हळदपेठ, सांगली

कराडच्या सरांनी गणित मांडले आहे. मी त्याचे उत्तर हातात धरून पाहिले आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या टर्बो पेट्रोल गाडीत मी असाच व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. हा व्हॉल्व्ह वेस्टगेटच्या डब्याकडे जाणाऱ्या हवेतील थोडी बाहेर सोडतो, त्यामुळे डब्याला दाब कमी वाटतो आणि झडप उशिरा उघडते. ईसीयूला यातले काहीच ठाऊक नसते. डिसेंबर, जानेवारीत गाडी अशी पळाली, की मी चार मित्रांना त्याच गॅरेजचा पत्ता दिला. एप्रिलमध्ये एका दुपारी सांगलीत पारा चाळिशीला असताना कोल्हापूरला निघालो. अंकलीचा पूल ओलांडून पुढे ट्रकला ओलांडताना पूर्ण ॲक्सिलरेटर दिला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज दोन-तीन सेकंद आला. त्यानंतर गाडी थरथरू लागली आणि मागे निळा धूर दिसू लागला.

कुपवाडच्या एमआयडीसीत इंजिन उघडले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांसारखे चमकणारे ठिपके होते. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधील कडेचा नखाएवढा तुकडा निघून आला होता. उघडणाऱ्या फिटरकाकांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा पॉइंट दोन बार." तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्यामुळे माझ्या मते आपण आकडा विचारू नये. आपली गाडी वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे एप्रिलच्या दुपारी, भरलेल्या गाडीनिशी, मिळेल त्या पंपावरचे पेट्रोल घालून, घाटाच्या शेवटच्या वळणावर काय सहन करते, तो आपला आकडा. थंडीतल्या पहाटे जे सहन होते, तो नव्हे.

पूर्व मिरज

डिझेलवाल्यांनी हे वाचून घाबरू नये. डिझेलमध्ये या प्रकारचे नॉकिंग नसते आणि इंधन तेवढेच ठेवून थोडी हवा वाढली तर उलट धूर आणि एक्झॉस्टचे तापमान कमी होते. तिथे धोका वाढवलेल्या इंधनाचा आणि सिलिंडरमधल्या कमाल दाबाचा असतो. पण इथे विषय पेट्रोलचा आहे, म्हणून थांबतो.

घाटवाट, सातारा

आपणा सर्वांचे आभार. तो व्हॉल्व्ह बसवायचा नाही, हे नक्की झाले. तरीही विचारतो. याच इंजिनाची १४५ अश्वशक्तीची आवृत्ती कंपनीने अबार्थ पुंटोमध्ये दिली होती, म्हणजे इंजिनात दम आहेच. मग ईसीयूचे रीतसर रिमॅपिंग करून, म्हणजे त्यातली आकडेवारी बदलून, बूस्ट वाढवला तर चालेल का?

प्रीतिसंगम, कराड

आपण दिलेले उदाहरण उत्तम आहे, पण त्यातला दुसरा आकडा पाहा. अबार्थ पुंटोचा टॉर्क २१२ न्यूटन-मीटर होता, म्हणजे आपल्या गाडीपेक्षा फक्त ५ ने जास्त. कंपनीने ताकद वाढवली ती वरच्या आरपीएमला टॉर्क टिकवून धरून. कमी आरपीएमला इंजिनावर एकदम भार टाकून नव्हे. याउलट बाजारातील बरेचसे रिमॅप दोन हजार आरपीएमलाच धक्का जाणवावा म्हणून तिथेच बूस्ट चढवतात, आणि कनेक्टिंग रॉड, पिस्टन व क्लच यांच्यावर सर्वाधिक ताण तिथेच येतो. रिमॅप करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तो टॉर्क कुठे वाढवणार आहे.

त्याआधी आहे त्या बूस्टला नोंदी घ्या. शेजारी दुसऱ्या कोणाला तरी बसवा. घाटात गाडी चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नये. निरपेक्ष दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, आरपीएम आणि इग्निशन ॲडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो आकडा) या चार गोष्टी पुरेत. चढावर तापमान वाढत जाऊन त्याच आरपीएमला ॲडव्हान्स तीन-चार अंशांनी सतत मागे येत असेल, तर बूस्ट वाढवायला जागाच उरलेली नाही असे समजावे. हवा-इंधनाचे मिश्रण मोजण्यासाठी गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर उपयोगाचा नाही, अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो, आणि पूर्ण बूस्टला लॅम्ब्डा (१ म्हणजे नेमके मिश्रण, त्याखाली इंधन जास्त) ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल नॉकिंगला चांगले तोंड देते हे खरे, पण त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त टाकावे लागते. साध्या पेट्रोलचे हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १, तर याचे सुमारे १३.५ ला १. जुन्या मॅपवर आणि थकलेल्या इंजेक्टरवर मिश्रण पातळ पडण्याचा धोका तिथेच असतो. विमा कंपनीला आणि आरटीओला न कळवता असे बदल करू नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

घाटवाट, सातारा

रविवारी मेव्हण्यांना शेजारी बसवून वाई ते पाचगणी नोंदी घेतल्या. पायथ्याशी आत येणाऱ्या हवेचे तापमान ४६ अंश होते, ते वर पोहोचेपर्यंत ७१ झाले, आणि तीन हजार आरपीएमला ॲडव्हान्स पायथ्याच्या मानाने पाच अंशांनी मागे आलेला होता. म्हणजे आहे तो बूस्टही गाडीला पूर्ण पचत नव्हता.

सोमवारी पुढचा बंपर उतरवला, तर इंटरकूलरच्या जाळीत उसाचे पाचट, किडे आणि चिखल यांचा थर बसलेला होता. साखर कारखान्याच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे चालवलेल्या गाडीचे दुसरे काय होणार! जाळी कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुतली, टर्बोकडून येणाऱ्या नळीची एक ढिली क्लिप बदलली आणि प्लग नवे टाकले. काल त्याच घाटात तेवढीच माणसे घेऊन गेलो तेव्हा वरचे तापमान ५८ अंश होते, ॲडव्हान्स दीड अंशापेक्षा जास्त मागे आला नाही आणि दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यातच बरीच वळणे निघाली. एकूण खर्च क्लिप आणि प्लगचा. पुढच्या नोंदी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता घेईन. तोपर्यंत काटा ०.८ वरच राहील.

हळदपेठ, सांगली

एप्रिलच्या नोंदी इथे जरूर टाका. आणि ते जुने प्लग फेकले नसतील, तर भिंग घेऊन त्यांची चिनी माती एकदा उन्हात पाहा.