शब्दचर्चा: होस्ट-गेस्ट रेणूंमधली ‘वीक इंटरॅक्शन्स’, मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीवर मराठीत लेख लिहितोय. होस्ट म्हणजे पोकळी असलेला मोठा रेणू, गेस्ट म्हणजे त्यात जाऊन बसणारा छोटा रेणू नाहीतर आयन, आणि दोघांना धरून ठेवणारी जी वीक अट्रॅक्टिव्ह इंटरॅक्शन्स असतात त्यांना ‘क्षीण आकर्षण’ लिहिलं तर चालेल का? होस्टला यजमान की पोशिंदा हेही सांगा.

प्रतिसाद
यजमान-पाहुणा बिनधास्त लिहा. पोशिंदा हा विषाणू आणि परजीवींच्या होस्टसाठी ठीक, इथे कोणी कोणाला पोसत नाही, पाहुणा आत गेला तसाच्या तसा परत बाहेर येऊ शकतो. अतिथी पण चालेल, मला जरा सोवळं वाटतं एवढंच.
क्षीण मात्र नको. क्षीण म्हटलं की आधी जोर होता आणि मग ओसरला असं वाटतं. इथे मुळातच जोर कमी आहे, दुर्बळ म्हणा.

प्रतिसाद
दुर्बळ पण सरसकट नको. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात, नेहमीच्या हायड्रोजन बंधाला १० ते ४० च्या आसपास, आणि दोन अणूंमधली व्हॅन डर वाल्स ओढ (कुठलेही अणू अगदी जवळ आले की लागते ती) तर त्याहून बरीच कमी. म्हणजे एकेकटी ओढ दुर्बळ, मान्य. पण पोकळीचा आकार पाहुण्याला नीट जुळला की अशा कितीतरी ओढी एकाच वेळी लागू होतात आणि मग हिशोबच बदलतो. बायोटिन हे जीवनसत्त्व आणि अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन घ्या, दोघांत एकही सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला, कोव्हॅलंट) नाही, तरी विघटन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) १०⁻¹⁵ मोलरच्या घरात, आता याला दुर्बळ कोण म्हणेल? म्हणून सगळ्या प्रकाराला मिळून ‘असहसंयुज आंतरक्रिया’ म्हणा आणि दुर्बळ हे विशेषण एकेका ओढीसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत, फक्त द्रावक राहिला. रसायनशास्त्रज्ञ पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन ईथर, म्हणजे कड्याच्या आकाराचे यजमान, जगासमोर आणले (१९८७ च्या नोबेलमध्ये क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर तेही होते), त्यातला १८-क्राउन-६ म्हणजे १८ अणूंचं कडं, त्यात ६ ऑक्सिजन, आणि पोटॅशियम आयन मधोमध बरोब्बर बसतो. याचा बंधन स्थिरांक (हा मात्र जितका मोठा तितकी पकड घट्ट) पाण्यात जेमतेम १०० च्या आसपास आणि मिथेनॉलमध्ये दहा लाखांच्या घरात! कडं तेच, पोटॅशियम तोच. पाण्यात काय होतं की पाण्याचे रेणू पोटॅशियमला आधीच घेरून बसलेले असतात, त्यांच्या तावडीतून सुटल्याशिवाय तो आत येणार कसा. त्यामुळे ओढ दुर्बळ की बळकट हे लिहिताना कशात मोजली ते लिहाच, नाहीतर वाक्याला अर्थ नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, मग असहसंयुज आंतरक्रिया नक्की. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या परिच्छेदात मी ‘जलविरोधी आकर्षण’ लिहिलंय, ते ठेवू ना?

प्रतिसाद
नको हो, तिथे आकर्षण हा शब्दच फसवा आहे. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ६, ७ किंवा ८ ग्लुकोजचं कडं, आतली बाजू पाण्याला फारशी न मानवणारी, आणि तिथे अडकलेल्या पाण्याच्या रेणूंना आपसांत पुरेसे हायड्रोजन बंध करता येत नाहीत. तेलकट पाहुणा आत शिरला की ते बाहेरच्या पाण्यात मोकळे होतात, पाहुण्याभोवतीचं पाणीही सुटतं, फायदा बराचसा तिथे होतो. पाहुण्याला यजमानाची खास ओढ असते असं नाही, पाणीच त्याला आत ढकलतं म्हणा ना. ‘जलविरोधी परिणाम’ लिहा. आत गेल्यावर भिंतीशी व्हॅन डर वाल्स ओढ लागतेच, तिला मात्र खुशाल आकर्षण म्हणा.