सल्ला हवा: केमो चालू असताना सीटीत फुप्फुसात बारीक नोड्यूल

पारिजातक
बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे. दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू (कर्करोगपेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह. चार केमो झाल्यावर काढलेल्या छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसात दोन आणि डाव्यात एक नोड्यूल (बारीक गाठ) लिहिलाय. सर्वांत मोठा ५ मिमी. शेवटी 'इंडिटरमिनेट, फॉलोअप', म्हणजे नक्की सांगता येत नाही, पुन्हा तपासा. केमोआधीच्या पेट-सीटीच्या (कर्करोग उजळून दाखवणारा पेट स्कॅन आणि सीटी एकत्र) रिपोर्टमध्ये यांचा उल्लेखच नाही. नेटवर वाचलं की ६ मिमीच्या आत असेल तर काही करायला नको. त्यावर विसंबावं का? की पुन्हा पेट करावं? 'टीबीची औषधं देऊन बघा' असाही एक सल्ला मिळालाय.

क्षकिरण
६ मिमीचा तो नियम फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमधला. त्याच सूचनांत लिहिलंय की कर्करोग असलेले, प्रतिकारशक्ती खालावलेले आणि ३५ वर्षांखालचे रुग्ण यातून वगळले आहेत. केमो घेणारी व्यक्ती पहिल्या दोन्हींत येते. तेव्हा त्यावर विसंबू नका. पण ५ मिमी दिसलं म्हणजे आजार पसरलाच, असंही अजिबात नाही. आपल्याकडे टीबीचे जुने वण आणि फुप्फुसातल्या छोट्या लसीका गाठी सीटीत वरचेवर सापडतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम: जुना स्कॅन. रिपोर्ट नव्हे, स्कॅन. पेट-सीटीमधलं सीटी बहुधा संथ श्वास चालू असताना घेतात. त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग चित्रात हलतो, स्लाइसही (सीटीतले एकेक काप) जाड असतात, आणि ३ ते ५ मिमीचा ठिपका त्यात हरवतो. म्हणजे हे नोड्यूल नवे उगवलेत की आधीपासून होते, हे उल्लेख नसण्यावरून ठरत नाही. दोन्ही सीडी एकाच रेडिऑलॉजिस्टसमोर ठेवून शेजारी-शेजारी तुलना करून घ्या. फिल्म उपयोगाची नाही, तिच्यावर नीट मोजमाप होत नाही.

ताज्या सीटीच्या सेंटरला आजच फोन करा आणि '१ मिमी स्लाइसचं लंग रिकन्स्ट्रक्शन, डायकॉम स्वरूपात सीडीवर' असं मागा, म्हणजे फुप्फुसाची बारीक कापांची चित्रं, संगणकावर मोजता येतील अशा मूळ वैद्यकीय फाइलींत. मशीनमधला मूळ डेटा जागा करण्यासाठी पुसला जातो. एकदा ५ मिमीच्या स्लाइसच उरल्या की त्यांतून १ मिमीच्या बनवता येत नाहीत.

उंबरठा
मापांबद्दल थोडं. ४ चे ५ मिमी झाले तर वाढ एकाच मिलिमीटरची वाटते, पण घनफळ ६४ वरून १२५ च्या प्रमाणात जातं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गोची अशी की हाताने मोजताना दीड-दोन मिमीचा फरक सहज पडतो. म्हणून पुढचं सीटी त्याच मशीनवर, तेवढ्याच स्लाइसचं आणि पूर्ण श्वास रोखून व्हायला हवं. नाहीतर 'वाढलाय' या शब्दाला अर्थ नाही.

रेडिऑलॉजिस्टना आकाराइतकंच रूप विचारा. पूर्ण किंवा मधोमध कॅल्शियम साचलेला नोड्यूल बहुधा जुना वण. फुप्फुसाच्या खंडांमधल्या फटीला चिकटलेला, त्रिकोणी, गुळगुळीत असेल तर बहुधा लसीका गाठ. 'ट्री-इन-बड' (कळ्या फुटलेल्या फांदीसारखं चित्र) लिहिलं असेल तर संसर्गाकडे बोट. गोल, वेगवेगळ्या मापांचे, खालच्या भागात कडेकडेने विखुरलेले, आणि तुलनेत खरोखर नवे: ही मात्र काळजीची लक्षणं.

शेवंती_७
यासाठी पेट नको. ८ मिमीपेक्षा लहान नोड्यूलबाबत पेट भरवशाचं नाही. उजळला नाही म्हणून निर्दोष ठरत नाही, आणि उजळला तरी टीबीही तसाच उजळतो. सीए १५-३ या रक्तातल्या ट्यूमर मार्करवरूनही या ठिपक्यांचा निकाल लावू नका.

आंधळेपणाने टीबीची औषधं तर नकोच. त्यातलं रिफाम्पिसिन यकृतातली विकरं (एन्झाइम) इतकी चेतवतं की टॅमॉक्सिफेन या हार्मोन पॉझिटिव्ह कर्करोगावरच्या गोळीची रक्तातली पातळी पार खाली येते. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळ्यांचंही तेच. शिवाय केमोनेही कर्करोगाचे ठिपके आटतात. मग ते कशाने आटले हे कोणालाच सांगता येणार नाही.

५ मिमीत सुई घालणं अवघड असतं. साधारण ८ ते १० मिमी झाल्यावर सीटीखाली बायोप्सीचा विचार करतात, आणि तेव्हाही न्यूमोथोरॅक्सचा, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साचण्याचा धोका असतो. ती वेळ आलीच तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. तुकड्याचा एक भाग सलाइनमध्ये हवा, टीबी कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्सपर्ट (टीबीची जनुकीय तपासणी) यांसाठी. सगळा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. दुसरं, कर्करोग निघाला तर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू पुन्हा तपासायला सांगा, ते बदललेले असू शकतात. सोबत तुकड्यावर गाटा-३ आणि टीटीएफ-१ या प्रथिनांच्या तपासण्या केल्या की स्तनातून आलाय की फुप्फुसातच उगम आहे, हे कळायला मदत होते.

पारिजातक
सीडी मागवते. पुढचं सीटी कधी, आणि कॉन्ट्रास्ट लागेल का? शस्त्रक्रिया थांबवावी का?

क्षकिरण
अशा वेळी साधारण ६ ते १२ आठवड्यांनी सीटी करतात, नेमका दिवस केमोच्या वेळापत्रकाशी जुळवून ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. नुसत्या नोड्यूलसाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही, कमी डोसचं साधं सीटी पुरतं. एवढ्याशा अनिश्चित ठिपक्यांसाठी ठरलेले उपचार शक्यतो थांबवत नाहीत, पण शस्त्रक्रियेआधी केस ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या कर्करोगतज्ज्ञांची एकत्र बैठक) ठेवायला जरूर सांगा.

मधल्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप, नवा खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी कळवा. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना बुरशीचा संसर्गही नोड्यूलसारखा दिसतो, आणि त्याला सहा आठवडे थांबून चालत नाही.