मदत हवी आहे: उपग्रहाची समुद्रपातळी घातली की मॉडेलमधला थर्मोक्लाइन उत्तरेला वर येतो, दक्षिणेला खाली जातो

नमस्कार मंडळी,

समुद्राचं मॉडेल चालवणारं किंवा जिऑइडवर काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया धागा पूर्ण वाचा. तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

पीएचडीसाठी मी अरबी समुद्राचं मॉडेल चालवते. रॉम्स नावाचं सॉफ्टवेअर, विषुववृत्तापासून 25° उत्तरेपर्यंत, साधारण 9 किमीचं ग्रिड. पावसाळा सरताना पश्चिम किनाऱ्यावर खालचं गार, कमी ऑक्सिजनचं पाणी किती वर येतं, हे मॉडेलला नीट दाखवता यावं एवढीच माझी धडपड आहे. माझा मामा रत्नागिरीहून बोट नेतो. तो सांगतो, सप्टेंबरात जाळं ओढताना वरचं पाणी कोमट असतं, पण जाळ्याचा तळाकडचा दोर हातात आला की चटका बसावा तसा गार लागतो. तो गारवा किती मीटरवर सुरू होतो, म्हणजे कोमट आणि गार पाण्यामधला थर, थर्मोक्लाइन, किती खोल आहे, हाच माझा प्रबंध. मामा जाळं टाकतो तिथे खोलीच 30-40 मीटर, त्यामुळे 10 मीटरची चूक मला परवडत नाही.

आता अडचण. नुसतं वारा आणि उष्णता देऊन मॉडेल चालवलं तर ते हळूहळू भरकटतं, म्हणून उपग्रहाने मोजलेली समुद्रपातळी त्यात असिमिलेट करते, म्हणजे मॉडेलला त्या मोजमापाकडे ओढून घेते. जेसनच्या मालिकेतले उपग्रह दर 10 दिवसांनी त्याच रेषेवरून जातात. इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएसने 2013 मध्ये सोडलेल्या सरलचा डेटाही घेतला आहे. पण हे उपग्रह उंची मोजतात ती इलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, आणि मॉडेलला हवी असते जिऑइडपासूनची, म्हणजे पाणी नुसत्या गुरुत्वाने जिथे स्थिर राहिलं असतं त्या पृष्ठापासूनची. फरक किरकोळ नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड इलिप्सॉइडच्या 106 मीटर खाली आहे. पाण्याच्या दृष्टीने तो खड्डा नाहीच, गुरुत्वाच्या हिशेबाने ते सपाटच. प्रवाह चालतात ते जिऑइडच्या वर उरलेल्या काही सेंटिमीटरांच्या चढउतारामुळे. 15° अक्षांशावर 100 किमीत 10 सेंमीचा उतार असला तरी सेकंदाला पाव मीटरचा प्रवाह होतो.

तयार एमडीटी, म्हणजे समुद्राची जिऑइडपासूनची सरासरी उंची, मिळते हे मला माहीत आहे. पण त्यात तरंगत्या बोयांचा आणि अर्गो फ्लोटचा, म्हणजे समुद्रात खाली-वर जाऊन तापमान मोजणाऱ्या यंत्रांचा, डेटा आधीच मिसळलेला असतो आणि मला त्याच डेटाशी निकाल पडताळायचे आहेत. म्हणून मी स्वतः केली: अल्टिमीटरवरून, म्हणजे उंची मोजणाऱ्या उपग्रहांवरून, काढलेल्या सरासरी समुद्रपृष्ठातून, म्हणजे एमएसएसमधून, गुरुत्व मोजणाऱ्या गोचे उपग्रहावर आधारलेला जिऑइड वजा केला आणि 100 किमीच्या खालचं सगळं गाळून टाकलं. दोन्हींचे इलिप्सॉइड वेगळे निघाले, त्यामुळे सुमारे 70 सेंमीचा सरसकट फरक येत होता. तो संपूर्ण क्षेत्राची सरासरी वजा करून काढला.

निकाल असा. कारवारच्या समोर, साधारण 14-15° वर, अर्गोशी सुरेख जुळतं. मी आधी तिथेच तपासलं आणि समाधानाने पुढे गेले. पण 23-24° उत्तरेला 20 अंश सेल्सियसची रेषा, म्हणजे थर्मोक्लाइनची खूण, अर्गोपेक्षा 10-12 मीटर वर येते, आणि विषुववृत्ताजवळ 7 मीटर खाली जाते. असिमिलेशन बंद केलं की ही तफावत नाहीशी होते, म्हणजे दोष मी घातलेल्या उंचीतच आहे. गाळणीची रुंदी बदलली, एररचं वजन बदललं, काही फरक नाही.

दुसरा प्रश्न: ग्रेस या गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रहजोडीचा समुद्रतळावरच्या दाबाचा डेटाही घालावा का? दर महिन्याला पाण्याच्या वस्तुमानातला बदल कळला तर पातळीतला किती भाग उष्णतेमुळे फुगलेला आणि किती खरंच आत आलेल्या पाण्याचा, हे वेगळं करता येईल असं वाटतं.

गाइड सर परदेशी आहेत, त्यांचं उत्तर पुढच्या महिन्याआधी येणार नाही. कोणी मार्ग दाखवला तर फार उपकार होतील.

प्रतिसाद 1

ताई, मी जिऑडेसीतला, म्हणजे पृथ्वीचा आकार मोजण्याच्या शास्त्रातला आहे, समुद्राचं मॉडेल कधी चालवलेलं नाही. पण तुमची चूक अक्षांशाबरोबर बदलते आणि मध्ये एका अक्षांशावर शून्य होते, हे वाचून लगेच ओळख पटली. जिऑइडच्या फाइलचा हेडर उघडा आणि टाइड सिस्टिम काय लिहिलीय ते बघा. बहुतेक 'टाइड फ्री' असेल.

चंद्र-सूर्याच्या ओढीचा एक भाग कायमचा असतो, भरती-ओहोटीसारखा येऊन-जाऊन राहत नाही. त्याने पृथ्वीचा विषुववृत्ताकडचा भाग थोडा फुगलेला राहतो. एमएसएसमध्ये तो फुगवटा धरलेला असतो, त्याला 'मीन टाइड' म्हणतात. टाइड फ्री जिऑइडमधून तो पूर्ण काढलेला असतो. दोन्ही तसेच वजा केले तर विषुववृत्तावर सुमारे 13 सेंमी आणि 25° वर सुमारे 6 सेंमी जास्त येतात. म्हणजे तुमच्या क्षेत्रात उत्तरेकडे 7 सेंमीचा खोटा उतार. सरासरी वजा केल्यावर दक्षिणेला दोन-सव्वादोन सेंमी जास्त उरतात, 25° ला साडेचार कमी, आणि शून्य येतं साधारण 14° वर. तुमचं कारवार नेमकं तिथेच.

या उतारामुळे प्रवाहात सेकंदाला जेमतेम 1 सेंमीची भर पडते, म्हणून प्रवाहाच्या नकाशात हे सहज सापडत नाही. जिऑइड मीन टाइडमध्ये बदलून घ्या, सूत्र दोन ओळींचं आहे. आणि इलिप्सॉइडचा फरक सरासरीने काढू नका, रीतसर रूपांतर करा. त्या सरसकट वजाबाकीनेच हा दोष लपवला.

प्रतिसाद 2

वरच्या उत्तरात मॉडेलच्या बाजूने थोडी भर. उष्ण कटिबंधात पृष्ठभागाचा 1 सेंमी म्हणजे थर्मोक्लाइनचे साधारण 3 मीटर, कारण वरच्या आणि खालच्या पाण्याच्या घनतेत फरकच फार थोडा असतो. 23-24° वरच्या साडेतीन-चार सेंमीला 10-12 मीटर, तुमचे आकडे चोख बसतात.

संदर्भकाळही तपासा. हल्लीची एसएलए, म्हणजे पातळीतली तफावत, 1993 ते 2012 च्या सरासरीपासून मोजलेली असते. मॉडेलची सरासरी 2005-2014 ची घेतली असेल तर समुद्र वर्षाला तीनेक मिलिमीटर चढतोय त्यामुळेच 2 सेंमीचा घोळ होतो. शिवाय रॉम्स घनफळ जपतं, वस्तुमान नाही. पाणी तापून समुद्र सरसकट फुगतो ते त्यात येतच नाही, म्हणून तो भाग डेटातून आधी काढा.

ग्रेसबद्दल माझं मत: असिमिलेट करू नका, पडताळणीला ठेवा. त्याची नजर 300 किमीची, तुमचं ग्रिड 9 किमीचं. आणि किनाऱ्यालगत जमिनीवरच्या पाण्याचा संकेत समुद्रात झिरपतो. पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी ग्रेसला समुद्राच्या हद्दीत दिसू लागतं, आणि तुमचा अभ्यास नेमका त्याच महिन्यांचा आहे. खोल समुद्रात तुलना केलीत तर गॅड नावाचा भाग (हवेच्या आणि समुद्राच्या दाबाचा मॉडेलवरून काढलेला अंदाज) परत जोडायला विसरू नका, तो प्रक्रियेत आधीच वजा केलेला असतो. त्याशिवाय तळाचा दाब पूर्ण होत नाही.

धागाकर्ती

दादा, हेडरमध्ये खरंच टाइड फ्री लिहिलं होतं. ती ओळ मी शंभरदा स्क्रोल करून पुढे गेले असेन. जिऑइड बदलला, इलिप्सॉइड रीतसर एक केला, आणि जुन्या एमडीटीतून नवीन वजा केली. नकाशावर आडवे पट्टे आले, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एकसारखे, एकही भोवरा नाही. ते बघताना डोळ्यांत पाणी आलं.

प्रतिसाद 2 मधला संदर्भकाळाचा मुद्दाही बरोबर निघाला, माझी सरासरी 2006 पासूनची होती. ती 1993-2012 ची करून घेतेय, त्यासाठी मॉडेल मागच्या वर्षांसाठी पुन्हा चालवावं लागेल. ग्रेस फक्त खोल समुद्रात पडताळणीला ठेवते.

पहिल्या तीन महिन्यांचा रन काल रात्री संपला. 23° वर रेषा आता अर्गोच्या 2 मीटरच्या आत आहे. सप्टेंबरपर्यंतचा रन रांगेत लावलाय. रत्नागिरीसमोरचा निकाल आला की इथेच टाकते, आणि मामालाही दाखवते.