मदत हवी आहे : डोळ्यातली ‘ऑर्बिट’ मराठीत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. बाबा बाथरूममध्ये घसरले (आता बरे आहेत, डोळ्याखाली काळंनिळं आहे तेवढंच). सीटी स्कॅनचा रिपोर्ट वाचून लेक म्हणाली, “आजोबांच्या ऑर्बिटला फ्रॅक्चर? ती तर उपग्रहाची असते ना!”

सांगितलं तिला, डोळा बसतो ती सात हाडांची खोबण. तळाचं हाड कागदासारखं पातळ, म्हणून तिथं तडा जातो. अवकाश स्थानकाची ऑर्बिट वेगळी, साधारण ४०० किलोमीटरवर, दीड तासात एक फेरी.

लॅटिन ‘ऑर्बिटा’ म्हणजे गाडीच्या चाकाची चाकोरी. तिथून कक्षा समजते, पण खोबण कशी झाली? आणि लिहिताना तुम्ही नेत्रकोटर म्हणता, नेत्रगुहा, की सरळ खोबण? डॉक्टर, भाषांतरकार कुणी असाल तर सांगा ना.