शब्दचर्चा : केमोच्या औषधांच्या गटांना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : पेशंटच्या नातेवाइकांसाठी केमोची माहिती मराठीत लिहितेय. अल्किलेटिंग एजंट, अँटिमेटाबोलाइट, मायटोटिक इनहिबिटर अशी नावं आली की गाडी अडते. अँटिमेटाबोलाइटला 'प्रतिचयापचयी' लिहिलं तर कुणाला काय कळणार? शब्द सुचवा प्लीज.

प्रतिसाद : नावं देवनागरीत तशीच ठेवा, कारण फाइलमध्ये आणि डॉक्टरांच्या तोंडी तीच येणार. पण शेजारी एक ओळ द्याच, की औषध पेशीत नेमकं कुठे घाव घालतं. सायक्लोफॉस्फमाइड अल्किलेटिंग गटातलं, ते डीएनएला चिकटून त्याचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं, मग धागे सुटे होत नाहीत आणि पेशीला डीएनएची कॉपी काढता येत नाही.

प्रतिसाद : अँटिमेटाबोलाइटसाठी 'तोतया रेणू' कसं वाटतं? मेथोट्रेक्सेट दिसायला फोलिक ॲसिडसारखं, त्यामुळे एन्झाइम त्यालाच धरून बसतं आणि डीएनए बनवायला लागणारा माल तयार होत नाही. फ्लुरोयुरॅसिल तसाच युरॅसिलचा (आरएनएमधल्या एका घटकाचा) तोतया.

प्रतिसाद : तोतया आवडला! मायटोटिक इनहिबिटरला 'विभाजनरोधक' म्हणता येईल, पण त्यात एक गंमत झाकली जाते ती लिहाच. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून न्यायला बारीक नळ्या उभ्या राहतात आणि काम झालं की मोडतात. सदाफुलीपासून मिळणारं विन्क्रिस्टीन त्या नळ्या उभ्याच राहू देत नाही आणि पॅक्लिटॅक्सेल त्या मोडू देत नाही, म्हणजे दोघांची कामं अगदी उलटी, तरी पेशी अडकते ती अडकतेच. ह्याच नळ्यांवरून नसांमध्येही मालाची ने-आण चालते, म्हणून ह्या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हे कळलं की पेशंट ते अंगावर काढत नाही, लगेच डॉक्टरांना सांगतो.

प्रश्न : फारच उपयोगी! आणि डॉक्सोरुबिसिनला काही ठिकाणी 'अँटिबायोटिक' लिहिलेलं दिसलं, ते तसंच ठेवू का?

प्रतिसाद : नको. ते स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळालं म्हणून तसं म्हणतात, पण नातेवाइकांना वाटेल इन्फेक्शनचं औषध आहे. डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम ते मध्येच अडकवतं, तुटलेला डीएनए परत जुळत नाही. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आयुष्यभरातला एकूण डोस मोजत जातात, ते ठळक लिहा.

प्रतिसाद : आणि 'केमो कॅन्सरच्या पेशी शोधून मारते' असं वाक्य कुठे असेल तर काढा. ह्यातली बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतात, म्हणून केसांची मुळं, बोन मॅरो, आतड्याचं अस्तर ह्यांनाही झळ बसते.

प्रतिसाद : 'केमो चढवणे' पण सगळीकडे नको. कॅपेसिटाबिन गोळ्यांमधून घेतात, शरीरात गेल्यावर त्याचंच फ्लुरोयुरॅसिल होतं. घरी गोळ्या घेणाऱ्याला वाटतं आपली केमो चालूच नाही आणि मग तो ताप, जुलाब कळवत नाही. 'केमो घेणे' लिहा.