रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स गेमसाठी (फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) बार्ड, म्हणजे जादू करणारा गवई (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

तनू (बी-५०१): केदारदादा रविवारी मी बार्ड घेतेय, फायनल. पण स्पेलची (जादूच्या मंत्रांची) यादी बघून डोकं फिरलंय, पहिल्या लेव्हलला चारच घेता येतात आणि मला सगळेच हवेत 😭 थंडरवेव्ह, चार्म पर्सन, स्लीप, हीलिंग वर्ड असं करू का?

सेक्रेटरी काका (ए-१०१): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

केदार (सी-२०४): काका क्लबहाऊस रविवारी ४ ते ८ आमच्या नावावर आहे, म्हणजे सोसायटीचंच काम झालं की 😄

सेक्रेटरी काका (ए-१०१): बरं. या वेळी जाताना पंखे बंद करा.

केदार (सी-२०४): तनू यादी नंतर वाच, आधी टेबलावर कोण कोण आहे ते बघ. मी फायटर, ओंकार रोग (Rogue, लपूनछपून वार करणारा), गौरी विझर्ड (जादूगार). क्लेरिक (बरं करणारा) कोणीच नाही म्हणजे आमच्यातला कोणी शून्य हिट पॉइंटवर (म्हणजे जीव संपून) आडवा झाला की उठवणारी तूच, म्हणून हीलिंग वर्ड पक्का, त्यावर चर्चाच नको. ६० फुटांवरून चालतो, बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो (पाळीतली जादाची छोटी कृती), आणि शून्यावरच्या माणसाला १ पॉइंट मिळाला तरी तो उभा राहतो. क्युअर वाउंड्स जास्त भरून काढतो पण त्याला हात लावायला जावं लागतं, वर पूर्ण अ‍ॅक्शन जाते, तू तिथे पोचेपर्यंत तुलाच कोणीतरी झोडलेलं असेल.

तनू (बी-५०१): ओके. मग उरले तीन. थंडरवेव्ह तर भारीच ना, २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) इतका मार

केदार (सी-२०४): थंडरवेव्ह तुझ्या अंगापासून सुरू होतो १५ फूट, म्हणजे सगळ्यात पुढे तू. तुझे हिट पॉइंट किती होणार? ८ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे १० धर. आणि तो आवाज ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. गेम चालवणाऱ्या स्नेहाताईचं पहिलं डंजन (राक्षसांचं भुयार) म्हणे आपल्या पांडवलेण्यांसारखं आहे, बाहेर ओसरी, आत मोठी खोली, कडेनं छोट्या छोट्या खोल्या. तिथे तू तो ढोल वाजवलास की प्रत्येक खोलीतनं कोणी ना कोणी बाहेर येणार.

स्नेहाताई (सी-४०२): माझ्या मॅपची चर्चा ग्रुपवर नको 🙏 आणि "म्हणे" कोणी सांगितलं ते पण कळू दे.

ओंकार (ए-३०३): 👀

देशपांडे काकू (बी-३०२): अरे मुलांनो हा तुमचा बार्ड म्हणजे शाहीरच ना? मग तो गाऊन लढणाऱ्यांना चेव आणतो की नाही? तुम्ही तर नुसतं कोणाला झोपव कोणाला पाड एवढंच बोलताय.

केदार (सी-२०४): काकू तुम्ही बरोब्बर मुद्द्यावर आलात. त्याला बार्डिक इन्स्पिरेशन म्हणतात, दुसऱ्या कोणाला तरी एक डी६ फासा द्यायचा, पुढच्या १० मिनिटांत तो स्वतःच्या हल्ल्यात किंवा सेव्हमध्ये (जादू वगैरे टाळायला टाकायचा फासा) किंवा कुठल्या चेकमध्ये वापरतो. स्वतःला देता येत नाही, आणि ज्याला देतोय त्याला तुमचं ऐकू यायला पाहिजे. दिवसातून किती वेळा ते करिश्मावर ठरतं. म्हणून तनू करिश्मा १५ ठेव, हाफ एल्फ वंशाचं पात्र घेतलास की १७ होतो, तीन वेळा इन्स्पिरेशन. मग डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, कॉन (कॉन्स्टिट्यूशन) १३ आणि हाफ एल्फचा एक पॉइंट तिकडे टाकून १४ कर. ताकद ८ राहू दे, पेटी उचलायला मी आहे.

केदार (सी-२०४): आता हे नीट वाच कारण नवीन बार्ड इथेच अडकतो. इन्स्पिरेशन पण बोनस अ‍ॅक्शन, हीलिंग वर्ड पण बोनस अ‍ॅक्शन, एका पाळीत एकच होणार. आणि आपण २०१४ च्या नियमांच्या पुस्तकाने खेळतो, त्यात बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला तर त्याच पाळीत अ‍ॅक्शनने फक्त कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) चालतो. म्हणून व्हिशस मॉकरी (जादूचा टोमणा) घे, गौरी नुसता १डी४ म्हणून हसेल तर हसू दे, पण समोरच्याचा सेव्ह चुकला की त्याचा पुढचा हल्ला दोन फाशांतला लहान आकडा धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजने. म्हणजे एकाच पाळीत मला उठवलंस आणि मला मारणाऱ्याचा हात पण ढिला केलास, स्लॉट (मोठा स्पेल टाकायची संधी) मात्र एकच गेला. स्लॉट दोनच आहेत बाई दिवसाला.

तनू (बी-५०१): दोनच?? मग चार स्पेल कशाला देतात 😤

ओंकार (ए-३०३): स्लीप घे स्लीप. ५डी८ म्हणजे सरासरी बावीस-तेवीस हिट पॉइंटची जनता झोपते, सेव्हसुद्धा नाही. पहिल्या लेव्हलला यासारखं दुसरं काही नाही.

केदार (सी-२०४): हो पण तो कमी पॉइंटवाल्यापासून मोजत जातो, त्या गोलात ३ पॉइंटवर लटकणारा ओंकार असेल तर पहिला ओंकारच घोरणार 😂 आणि लेण्यात सांगाडे निघाले तर अनडेडवर स्लीप चालतच नाही. फेअरी फायर घे, जे सेव्ह चुकतील त्यांच्यावर आमचे सगळ्यांचे हल्ले दोन फाशांतला मोठा आकडा धरून, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेजने, आणि रोगला तर रोज दिवाळी, कोणी शेजारी उभं असो नसो स्नीक अटॅक मिळतो.

ओंकार (ए-३०३): फेअरी फायरला कॉन्सन्ट्रेशन लागतं (लक्ष टिकवून धरावं लागतं), पहिला बाण लागला की विझला. मी रोग असून सांगतोय, स्लीपच.

गौरी (सी-१०३): दोन्ही घ्या की. स्लीप तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर तसाही कामाचा राहत नाही, तेव्हा लेव्हल चढताना बदलता येतो, बार्डला दर लेव्हलला एक स्पेल बदलायची मुभा आहे. कॉन्सन्ट्रेशनचे मात्र तीन-तीन घेऊ नको, एका वेळी एकच चालतो. आणि स्लीप मी घेतलेला नाही, बघा म्हणजे.

देशपांडे काकू (बी-३०२): आणि नुसत्या शब्दांनी शत्रू पळून जाईल असं काही नाही का तुमच्यात?

केदार (सी-२०४): आहे काकू!! डिसोनंट व्हिस्पर्स. कानात असं काही बोलायचं की ३डी६ लागतो आणि सेव्ह चुकला तर तो पाळीबाहेरची एकुलती कृती, म्हणजे स्वतःची रिअ‍ॅक्शन खर्चून तुमच्यापासून लांब पळतो, आणि माझ्या शेजारून पळाला की मला फुकटचा एक वार. कॉन्सन्ट्रेशन नाही. तनू हा चौथा. चार्म पर्सन सोड, उतरला की समोरच्याला कळतं आपल्यावर जादू केली होती, मग त्या गावात परत तोंड दाखवायची सोय नाही. गोड बोलायला पर्सुएशन (मन वळवायचं स्किल) आहेच.

तनू (बी-५०१): स्किल्स पण विचारायचे होते, अठरा आहेत

गौरी (सी-१०३): त्यात जीव नको घालू. दुसऱ्या लेव्हलला जॅक ऑफ ऑल ट्रेड्स मिळतं, जे येत नाही त्यातही थोडं थोडं यायला लागतं. पर्सुएशन आणि परसेप्शन (निरीक्षण) घे, बाकी काहीही.

ओंकार (ए-३०३): स्टेल्थ (लपून वावरणं) घेऊ नको, ते माझं.

तनू (बी-५०१): आणि तिसऱ्या लेव्हलला कॉलेज (बार्डची शाखा) ठरवायचं ना, लोअर की व्हॅलर?

केदार (सी-२०४): तेव्हाचं तेव्हा. पण आमच्यात मारायला माणसं आहेत, व्हॅलरची ढाल-तलवार घेऊन तू माझ्या शेजारी उभी राहून काय करणार. लोअरमध्ये कटिंग वर्ड्स मिळतात, शत्रूने फासा टाकला की तुझा इन्स्पिरेशनचा फासा त्यातून वजा. १९७८ च्या पुस्तकात तर बार्ड मागे परिशिष्टात होता, आधी फायटर व्हा, मग चोर व्हा, मग कुठे बार्ड. तुला पहिल्या दिवशी मिळतोय, मजा कर.

तनू (बी-५०१): फायनल: व्हिशस मॉकरी, मायनर इल्युजन. हीलिंग वर्ड, फेअरी फायर, डिसोनंट व्हिस्पर्स, स्लीप. स्नेहाताई चालेल?

स्नेहाताई (सी-४०२): चालेल. पण मॉकरी करताना खरंच तोंडाने बोलायचं, नुसता फासा टाकून मोकळं व्हायचं नाही.

तनू (बी-५०१): मराठीत?

स्नेहाताई (सी-४०२): मराठीतच. फक्त जरा सांभाळून, देशपांडे काकू बघायला येणार म्हणतायत.

देशपांडे काकू (बी-३०२): माझ्यामुळे हात आखडता घेऊ नका. मी आठवी ड सांभाळलेली बाई आहे.