कच्छचं रण: 'वाळवंट' म्हणावं का?

कच्छवरच्या मराठी लेखांत 'कच्छच्या वाळवंटात' असं सर्रास येतं. गुजरातीत 'रण' म्हणजे वाळवंट, तेव्हा भाषांतर चूक म्हणता येत नाही. मीही कच्छवर लिहितोय, पण धोरडो गावाजवळच्या पांढऱ्या रणात उभा राहिलो, तर वाळूचा कण दिसेना. मिठाचा पापुद्रा, टाच जरा जोरात दाबली की कर्रकन फुटणारा, आणि खाली काळा ओला चिखल. माझी चप्पल तिथेच रुतली. वाळूच नाही तर वाळवंट कसलं? आणि आपल्याकडे 'रण' म्हणजे लढाई!

— हे दोन 'रण' वेगळे. लढाईचा 'रण' संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. कच्छच्या रणाचं नातं 'इरिण' या शब्दाशी लावतात. अर्थ नापीक, खारी जमीन. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत इथल्या आखाताचं नावही 'एइरिनॉन' असंच आहे. म्हणजे नावात खार आहे, वाळू नाही. प्रदेशही तसाच घडला: समुद्राचा उथळ फाटा गाळाने भरत गेला. पावसाळ्यात त्यावर पाणी पसरतं, ते आटलं की मीठ वर राहतं.
'वाळवंट' म्हणाल, तर मराठी माणसाचं पहिलं वाळवंट चंद्रभागेचं. थरसारख्या प्रदेशालाही आपण तोच शब्द देतो. तिथे निदान वाळू तरी आहे.

— मग 'खारपाट' चालेल? किनाऱ्यालगतची खारी जमीन?

— नको. खारपाटात बांध घालून भात पिकवतात. रणात गवताची काडी उगवायची मारामार.

— मला तिथला 'बेट' हा शब्द आवडला. पच्छम, खडीर, बेला ही रणातली उंचवट्याची बेटं. हडप्पाकालीन शहराचे अवशेष असलेलं धोळावीरा खडीर बेटावर आहे. उन्हाळ्यात चहूकडे कोरडं ठाक, तरी बेटच. पाऊस पडला की नाव खरं ठरतं.

— कच्छच्या रणाचे दोन भाग, मोठं आणि छोटं. त्यातल्या छोट्या रणातले 'अगरिया' विसरू नका. जमिनीखालचं खारं पाणी उपसून ते मीठ पिकवतात, महिनोन्‌महिने रणातच झोपडी टाकून राहतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. आपलं 'मिठागर', आपले 'आगरी', सगळं त्याच 'आगर'मधलं. मूळ शब्द 'आकर', म्हणजे खाण. तिथलाच 'घुडखर' घ्या: घुड म्हणजे घोडा, खर म्हणजे गाढव. या रानगाढवांसाठी छोट्या रणात ४,९५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. प्राणी समोरून पळताना पाहिला की जोडनाव पटतं.

— ठरलं, 'रण'च ठेवतो. पहिल्यांदा येईल तिथे 'खाऱ्या चिखलाचं सपाट मैदान' अशी फोड करीन. अडचण फक्त सप्तमीची. 'रणात चप्पल गमावली' असा निरोप घरी पाठवला होता, तर आईचा फोन आला, "कुणाशी भांडलास रे?"